सात बाइटांची गळती किरकोळ का नाही

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ड्रायव्हरमधून (उपकरण हाताळणाऱ्या, कर्नलमध्ये म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या कोडमधून) पाच-सात बाइट बाहेर आले, त्यांत ना पासवर्ड ना फाइल; त्यासाठी मशीनवर आधी कोड चालवता यायला हवा; आणि हल्ली कंपायलर स्टॅक (फंक्शन चालताना वापरलेली तात्पुरती मेमरी) शून्य करून देतो, मग एवढं काय? निष्कर्ष मला मान्य नाही.

सात बाइटच घेऊ. आयॉक्टलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरकडे केलेल्या मागणीच्या, उत्तरासाठी ड्रायव्हर स्टॅकवर एक स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेली फील्ड) घेतो : आधी एक बाइटची स्थिती, मग आठ बाइटची संख्या. संख्या आठच्या पटीतल्या पत्त्यावर यावी (अलाइनमेंट) म्हणून ६४-बिट कंपायलर त्या दोन फील्डांच्या मधे सात बाइट मोकळे सोडतो. ड्रायव्हर दोन्ही फील्ड नीट भरतो आणि सगळे १६ बाइट युजरकडे, म्हणजे मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, कॉपी करतो. मोकळ्या जागेत आधीच्या फंक्शनचं जे उरलंय तेही सोबत जातं. तिथे कर्नलचा रिटर्न ॲड्रेस (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता) उरलेला असेल, तर स्थितीच्या बाइटाने त्याचा फक्त सर्वांत खालचा बाइट पुसला गेला. पण एक्स८६-६४ लिनक्सवर केएएसएलआर (पत्ते ओळखता येऊ नयेत म्हणून दर बूटला कर्नलची जागा बदलणारी सोय) कर्नलला सरकवतं ते २ एमबीच्या टप्प्यांनी, म्हणजे खालचे २१ बिट बदलतच नाहीत. हरवलेल्या बाइटाची हल्लेखोराला गरजच नाही! कर्नलचा कोड एकगठ्ठा सरकतो, त्यामुळे एक पत्ता कळला की इतर फंक्शनचे पत्ते साध्या बेरीज-वजाबाकीने निघतात. मग एरवी मशीन क्रॅश करून थांबला असता असा दुसरा एखादा बग नेमक्या जागी वार करतो.

मशीनवर कोड चालवण्याची अट फोनवर फारशी आड येत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर साध्या ॲपलाही वापरावा लागतो, आणि ॲपला बंदिस्त ठेवणाऱ्या सँडबॉक्सची भिस्त त्याच कर्नलवर असते.

कंपायलरबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. स्टॅक शून्य करण्याचा पर्याय चालू असेल तर वरची गळती बंद होते. तो चालू ठेवावाच. हीपसाठी (चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीसाठी) तशी सोय लिनक्स ५.३ मध्ये, २०१९ साली आली. पण युजरने सांगितलेली लांबी न तपासता ड्रायव्हर तेवढी मेमरी कॉपी करत असेल, तर मेमरीत शेजारी असलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टमधला चालू वापरातला डेटा बाहेर जातो. तिथे शून्य करण्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय जुन्या कर्नलवर अडकलेली उपकरणं आहेतच.

तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहिता असं म्हणालात, म्हणून सांगतो : पहिल्या फील्डला शून्य देणाऱ्या इनिशियलायझरवर विसंबू नका, सी भाषेच्या सी११ या मानकात त्याने मधली मोकळी जागा शून्य होईलच अशी हमी नाही. आधी मेमसेटने सगळं स्ट्रक्चर शून्य करा, मग फील्ड भरा. त्याहून बरं म्हणजे त्या सात बाइटांना राखीव फील्ड म्हणून नाव द्या. मग ते रिव्ह्यू करणाऱ्याच्याही नजरेत येतात.