शाळेच्या नावाने घेतलेला पैसा गेला कुठे?

फॉर्म 16 उघडला की आयकराच्या आकड्याखाली एक ओळ असते. आरोग्य आणि शिक्षण उपकर, 4 टक्के. तोही कमाईवर नाही, कराच्या रकमेवर! करावर कर. दरवर्षी ती ओळ दिसते आणि दरवर्षी डोकं फिरतं. रक्कम काही फार मोठी नसते, कबूल. पण कशासाठी म्हणून घेतली आणि नेली कुठे, एवढंही विचारायचं नाही का माणसाने?

जरा मागे जाऊ. 2004 साली प्राथमिक शिक्षणासाठी म्हणून 2 टक्के उपकर बसला. पोरांच्या शाळांसाठी आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? 2007 मध्ये त्यावर माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचा आणखी 1 टक्का चढला. आणि हा टक्का ज्या निधीत जमा व्हायचा, तो निधीच सरकारने काढलेला नव्हता. मंजुरी मिळाली ऑगस्ट 2017 मध्ये. दहा वर्षं! तोवर 83,497 कोटी रुपये गोळा झाले होते, आणि सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने अहवालात सरळ लिहिलं की ना खास निधी उघडला, ना कोणत्या योजनांवर खर्च करायचा ते ठरवलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टसाठी वर्गणी काढून दहा वर्षं लिफ्टचं खातंच उघडलं नसतं, तर वार्षिक सभेत त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. इथे काय झालं? 2018 च्या अर्थसंकल्पात 3 टक्क्यांचे 4 टक्के झाले. नावात 'आरोग्य' घातलं आणि पुढे चालू.

यावर कोणीतरी शहाणा म्हणणारच, 'अहो, शिक्षणावर खर्च तर होतोच ना.' होतो की. मग तो नेहमीच्या करातून करा. आयकर वाढवतो म्हणून सांगा, शिव्या खा, मोकळे व्हा. पोरांची शाळा पुढे करून खिशात हात कशाला घालता?

आणि हे एकट्या शिक्षणाचं नाही. 2018-19 या एका वर्षात 35 उपकरांमधून 2.74 लाख कोटी रुपये आले. त्यातले 1.64 लाख कोटी ठरलेल्या निधींत पोचले, उरलेले केंद्राच्या एकत्रित निधीत, म्हणजे सर्वसाधारण तिजोरीतच राहिले. हेही कॅगनेच सांगितलं. कच्च्या तेलावरच्या उपकराचं तर आणखी भारी. 2010 ते 2020 या दहा वर्षांत तेल उद्योग विकास मंडळासाठी म्हणून सव्वा लाख कोटींच्या आसपास गोळा झाले आणि मंडळाकडे काही वळतेच झाले नाहीत. अहवाल येतो, दोन दिवस बातम्या होतात, विषय संपला.

केंद्राला उपकर आणि अधिभार इतके गोड का लागतात? राज्यघटनेच्या कलम 270 मुळे. साध्या करातला वाटा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो 41 टक्के ठरवला. उपकर आणि अधिभार त्या वाटपातून बाहेर. म्हणून पेट्रोल बघा. एप्रिल 2025 मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 21.90 रुपये झालं. वाटपात येतं ते फक्त मूळ शुल्क, 1.40 रुपये. बाकीचं सगळं कुठे 'विशेष अतिरिक्त', कुठे रस्ते, कुठे कृषी. टाकी भरताना आपण तिन्हींचे पैसे देतो आणि येताना खड्ड्यातून येतो.

पण राज्यं बिचारी वगैरे म्हणू नका. ऑक्टोबर 2015 मध्ये आपल्या महाराष्ट्राने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये लावले. तात्पुरते! त्यानंतर पाऊस चांगला झाला, धरणं भरली, पण पेट्रोलवरचा अधिभार उतरायच्या ऐवजी वाढत गेला. व्यवसाय करही असाच, रोजगार हमीसाठी म्हणून 1975 मध्ये आला तो अजून पगारातून कापला जातोय, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. (त्याच्यामागे निदान खरोखरची योजना उभी राहिली, म्हणून त्याच्यावर माझा तेवढा राग नाही.)

बरं, एवढं ओरबाडून तिजोरी भरली म्हणावं, तर तेही नाही. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयातले 24 पैसे कर्जाचे आणि जाणाऱ्या रुपयातले 20 पैसे नुसत्या व्याजाचे. संरक्षणाला 8. व्याजाची तरतूद 12.76 लाख कोटी! आपलं राज्य त्याच वर्षी 9.32 लाख कोटींच्या कर्जाचा आणि 45,891 कोटींच्या महसुली तुटीचा अंदाज मांडतं. धरण बांधायला, रेल्वे टाकायला कर्ज काढलं तर माझी काही तक्रार नाही. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही उसनवारी.

आणि तूट-कर्ज आवरायला कायदा आहे बरं का. 2003 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्यात लिहिलंय की मार्च 2021 पर्यंत वित्तीय तूट, म्हणजे कमाईपेक्षा जास्तीचा खर्च, जीडीपीच्या 3 टक्क्यांवर आणायची, 2024-25 पर्यंत केंद्राचं कर्ज जीडीपीच्या 40 टक्क्यांवर. 2025-26 चे अंदाज काय? तूट 4.4, कर्ज 56.1. कोविड आला, मान्य, त्या वर्षांचं कोणी बोलत नाही. पण चुकलेल्या मुदतीची शिक्षा काय? नवी मुदत. आता म्हणे मार्च 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या आसपास. मी रिटर्न मुदतीनंतर भरलं तर 5,000 रुपये विलंब शुल्क. मला का नाही हो 2031 ची तारीख मिळत?

सगळ्यात कडी म्हणजे जीएसटी भरपाई उपकर, जीएसटीमुळे राज्यांचा महसूल बुडेल तो भरून द्यायला लावलेला. 2017 मध्ये पाच वर्षांसाठी आला, जून 2022 ला जाणार होता. मध्येच तो कमी पडला म्हणून दोन वर्षांत 2.69 लाख कोटींचं कर्ज काढलं, आणि ते फेडायला उपकराचीच मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवली. ती संपत आली तर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने पान मसाल्यावर नवा उपकर मंजूर केला. नावात 'आरोग्य सुरक्षा' पण आणि 'राष्ट्रीय सुरक्षा' पण. एका पुडीत दोन्ही! पाच वर्षांनी कॅगने विचारलं की यातला कुठला रुपया दवाखान्यात गेला आणि कुठला सीमेवर, तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार, ते नाव आजच कागदावर लिहून द्या ना.