आत्या, सिस्टरला ईसीजी काढू दे

परवा देवगडहून आत्याने एक फॉरवर्ड पाठवला. 'छातीत दुखलं तर नर्सच्या हाती पडू नका, ती प्रश्न विचारत वेळ घालवते. डॉक्टर येईपर्यंत हात लावू देऊ नका. आधी सोडा नाहीतर कोकम सरबत घ्या; थांबलं तर पित्तच. नाही थांबलं तर जोरजोरात खोका.' खाली आत्याची ओळ: "खरा आसा, सिस्टरीक काय कळता?" आत्याला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

'थांबलं तर पित्तच' ही यातली सगळ्यात घातक ओळ. हार्ट अटॅकची कळही मध्येच ओसरते आणि पुन्हा येते. ढेकर आला, बरं वाटलं, म्हणून हृदयाची रक्तवाहिनी मोकळी आहे असं ठरत नाही. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात; ज्याला दुखतंय त्याला फरक कळेलच असं नाही. त्यात मधुमेह असेल तर छाती दुखेलच असंही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. कोकम आपल्या घराघरात असतं, म्हणून हा सल्ला लगेच पाळला जातो, आणि तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो.

सिस्टर विचारते ते प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. कधीपासून दुखतंय, हातात-जबड्यात जातंय का, शुगर आहे का, यावरून ती रांगेत कोणाला आधी घ्यायचं ते ठरवते. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून तपासला गेला पाहिजे. डॉक्टरांची वाट बघत बसलं तर ही १० मिनिटं कशी पाळणार?

निदान सिस्टर करत नाही, हे मान्य. ईसीजी डॉक्टरांनीच वाचायचा. पहिला ईसीजी चांगला येऊनही अटॅक असू शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. रात्री सगळीकडे डॉक्टर जागेवर असतात असंही नाही. पण मग काढलेला ईसीजी फोनवरून डॉक्टरांना दाखवता येतो. न काढलेला काय दाखवणार?

खोकण्याला आधार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनही ते लोकांना सुचवत नाही.

आपल्याकडचे बरेच पेशंट अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे बंद रक्तवाहिनी उघडायला, कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीला न्यावे लागतात. १२० मिनिटांत ती होणार नसेल, तर बऱ्याच जणांना आधी रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग पुढे हलवतात. पहिल्या काही तासांत ते जास्त लागू पडतं, १२ तासांनंतर सहसा देत नाहीत. द्यायचं की नाही, ते ईसीजीशिवाय ठरत नाही.

आत्या, दम लागला, घाम फुटला, जबडा भरून आला, तर दुखत नसलं तरी १०८ ला फोन कर. सिस्टर विचारेल त्याचं उत्तर दे. ईसीजीसाठी पदर बाजूला घ्यावा लागतो. त्यासाठी संकोचून अडून राहू नकोस.