जिन्यावरच्या सावलीला पियानो का थांबतो

नमस्कार. तुमच्या दोन हरकती आहेत. 'नोस्फेराटू' (1922) या रक्तपिपासू काउंट ऑर्लॉकच्या मूकपटाला पियानोवर साथ करणारा जर चित्रपट आधी पाहून टिपण काढत असेल, तर त्याला उत्स्फूर्त का म्हणायचं? आणि शेवटी ऑर्लॉकची सावली जिना चढताना पियानो बंद ठेवा, हा माझा सल्ला म्हणजे पळवाट आहे.

पहिली हरकत मला मान्य नाही. बंदिश पाठ असली म्हणून आलाप खोटा ठरत नाही. टिपणात सूर लिहिलेले नसतात, प्रसंग आणि वेळा असतात, आणि वेळासुद्धा प्रिंटप्रमाणे, म्हणजे चित्रपटाच्या प्रतीप्रमाणे, आणि ती चालवण्याच्या वेगाप्रमाणे बदलतात. फिल्मची मूळ लांबी 1,967 मीटर. सेकंदाला 18 फ्रेमने चालवली तर साधारण 95 मिनिटं, 24 ने चालवली तर 72. हा वेग न विचारता बसलेला वादक पहिल्याच अंकात मागे पडतो. टिंटची, म्हणजे फिल्मला दिलेल्या रंगछटेची, चौकशीही करावी. यातले रात्रीचे बरेच प्रसंग दिवसाउजेडी चित्रित केलेले आहेत. प्रिंट निळी नसेल तर रात्र झाल्याचं पियानोनेच सांगायचं असतं.

ऑर्लॉकच्या वाड्यातला जेवणाचा प्रसंग घ्या. घड्याळात बारा वाजतात, पाव कापताना त्याच्या पाहुण्याचा, हटरचा, अंगठा कापला जातो. नवखा वादक बाराही टोले वाजवायला जातो आणि अर्ध्या सेकंदाची चूकसुद्धा उघडी पडते. त्यापेक्षा डाव्या हाताने खर्जात संथ ठेका धरावा, अंगठा कापला की उजवा हात उचलावा, ठेका तसाच चालू ठेवावा. धक्का पडद्यावर आधी बसला पाहिजे. पियानो क्षणभर मागून आला तर चालतं, आधी आला तर प्रसंग वाया गेला. पुढे हटरची बायको एलेन दूर घरी हाक मारते आणि इकडे ऑर्लॉक मान वळवतो. तिथे प्रत्येक कटला धून बदलू नये, ठेका एकच ठेवून फक्त सप्तक बदलावं.

दुसऱ्या हरकतीत मात्र तथ्य आहे. नुसतं 'बंद ठेवा' लिहिणं अपुरं होतं. हटर प्राध्यापक बुल्वरला आणायला बाहेर पडतो, तिथे खर्जातला एकच स्वर हलक्या हाताने वाजवून उजवं पेडल दाबून धरायचं. सावली त्या विरत जाणाऱ्या नादावर चढते. पेडल एकदम सोडलं तर यंत्रातला 'धप्प' आवाज शांततेत मागच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून पाय अगदी सावकाश उचलायचा. साध्या डिजिटल पियानोवर नाद लवकर मरतो; तिथे तोच स्वर मध्येच एकदा, पहिल्यापेक्षा हळू, पुन्हा वाजवावा. सावलीची मूठ एलेनच्या छातीवर आवळते, तेव्हा दोन्ही हात परत पट्ट्यांवर.