कॅलिफोर्नियात ‘कोणीही’ येऊन मत देऊ शकत नाही

‘कॅलिफोर्नियात मतदानाला ओळखपत्र दाखवायलाच बंदी, कोणीही यावं आणि मत टाकून जावं’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. 2024 च्या कायद्याने तिथल्या शहरांना आणि काउंटींना (म्हणजे जिल्ह्यांना) स्वतःच्या अखत्यारीत ओळखपत्राची सक्ती करता येत नाही, एवढंच. हंटिंग्टन बीच या तिथल्या शहराने तशा सक्तीचा ठराव मतदारांकडून मंजूर करून घेतला होता, त्याला तोड म्हणून हा कायदा आला.

ओळख पटवली जाते ती नोंदणीच्या वेळी. 2002 च्या केंद्रीय कायद्यानुसार अर्जात ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचे (सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे मागतात. टपालाने नोंदणी केली आणि आकडे जुळले नाहीत, तर पहिल्या मतदानाला ओळखीचा कागद दाखवावाच लागतो. टपाली मताच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. आणि नागरिक नसलेल्याने केंद्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे; तुरुंगवास होऊ शकतो, हद्दपारीही. ग्रीन कार्डवाल्या आपल्या मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं.

उलट टेक्सासात फोटो ओळखपत्र मागतात. तिथे पिस्तुलाचा परवाना चालतो, कॉलेजचं आयकार्ड नाही. खरा वाद घालायचा तर यावर घाला. नियम राज्यागणिक बदलतात. ‘अमेरिकेत असंच असतं’ म्हणणारा मेसेज तिथेच फसतो.