‘मेल एक्सपायर झाली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. उत्तर मी स्वतःच लिहिते आहे, ऑफिसातल्या मुलींवर ढकललेलं नाही. आधीच सांगते, तुमच्या आयकर रिटर्नमधला एकही आकडा इथे येणार नाही. तुम्ही रिव्ह्यूत जेवढं लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलते, कारण हे पान सगळं नागपूर वाचतं.

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात मांडते. जुलैत आमच्याकडून रिटर्नच्या कागदांची मेल आली. नोव्हेंबरात होम लोनसाठी बँकेने कागद मागितले, तुम्ही मेल उघडली, तर मुदत संपल्याचा निरोप. मुदत होती तेव्हाही प्रिंट निघत नव्हती, पीडीएफ नुसता दिसायचा. मुलाने पुण्याहून उघडायचा प्रयत्न केला तर ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला. तुमच्या ऑफिसात आउटलुकवर तारीख टाकलेल्या मेल नंतरही उघडतात, मग आमचीच काहून बंद पडते? आणि शेवटी, ‘हा पुन्हा फी काढायचा धंदा आहे, बाबा होते तेव्हा असं नव्हतं.’ बाबा म्हणजे माझे वडील, आधी हे काम तेच बघायचे.

फीचं आधी. रिटर्न आम्ही भरलं असेल तर त्याच्या कागदांचा दुसरा संच काढून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. तुमच्याकडूनही कोणी मागितलेले नाहीत, रिव्ह्यूतही तसं म्हटलेलं नाही. हा अंदाज होता, तो इथेच सोडू.

आता मेलचं. त्या मेलमध्ये काय असतं बघा. उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन म्हणजे कराचा हिशेब, २६एएस म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, बँकेचं स्टेटमेंट आणि एआयएस, म्हणजे आयकर विभागाकडचं वर्षाचं माहितीपत्रक. हे एआयएस म्हणजे माणसाची आर्थिक कुंडलीच आहे. कोणत्या बँकेत किती व्याज आलं, कोणते शेअर्स विकले, घर घेतलं की विकलं, हे पॅनच्या नावावर एका जागी. मेल आम्ही पाठवतो ती हे सगळं तुम्ही रिटर्न भरण्याआधी तपासावं म्हणून. आकडे बघायचे, हो म्हणायचं, मग आम्ही भरतो, आणि भरल्यापासून ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय, म्हणजे ‘हे रिटर्न माझंच’ अशी ऑनलाइन खात्री, करायचं. बहुतेकांचं हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. ती मेल तपासायची असते, जपून ठेवायची नसते. जपायचा संच कागदावर असतो आणि तो आम्ही शिक्का मारून फाईलमध्ये लावून देतो. तुमची फाईल अजून आमच्याच कपाटात आहे, एवढं सांगितलं तर गोपनीयतेचा भंग होणार नाही असं समजते.

जीमेलमध्ये २०१८ पासून कॉन्फिडेन्शियल मोड, म्हणजे मुदत घालून मेल पाठवायची सोय आहे, आणि आमची मेल त्यातूनच जाते. त्यात मुदतीचे पर्याय ठरलेले आहेत: एक दिवस, एक आठवडा, एक महिना, तीन महिने, पाच वर्षं. मधलं काही निवडता येत नाही. आठवडा ठेवला तर लग्नासाठी गावी गेलेला माणूस परत येईस्तोवर मेल बंद. पाच वर्षं ठेवली तर मुदत घालण्यात अर्थच उरत नाही. म्हणून एक महिना. ती तारीख मेलमध्येच लिहिलेली असते, आम्ही लपवून ठेवत नाही.

आउटलुकचा प्रश्न मात्र तुम्ही नेमका विचारलात. तिथली मुदत म्हणजे मेलवर लावलेली खूण. तारीख उलटली की यादीत ती मेल फिकी दिसते, तिच्यावर रेघ मारलेली दिसते, पण उघडली तर पूर्ण वाचता येते. याचं कारण ईमेलच्या मुळातच आहे. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पाठवायचे नियम लिहिले गेले तेव्हापासून मेल पाठवणं म्हणजे समोरच्याच्या सर्व्हरला प्रत देऊन टाकणं. एकदा त्याने ती घेतली की आपला तिच्यावर हक्क नाही. परत बोलवायची सोय आउटलुकमध्ये आहे, पण ती एकाच संस्थेच्या आत चालते, बाहेरच्या पत्त्यावर नाही. जीमेलने वेगळी वाट काढली. कॉन्फिडेन्शियल मोडमध्ये मजकूर आणि जोडलेले कागद गूगलकडेच राहतात. तुम्ही जीमेलवर नसाल तर तुमच्या हाती पडते ती नुसती लिंक. मुदत संपली की दार बंद. म्हणून आमची बंद पडते आणि ऑफिसातली पडत नाही.

प्रिंट, डाउनलोड, फॉरवर्ड आणि कॉपी बंद असतात तेही याच मोडमुळे. ते बंद असणं मला हवंच आहे, आणि याचं कारण आपल्या गल्लीबोळांतल्या झेरॉक्सच्या दुकानांत आहे. कुठलं दुकान ते सांगत नाही. पेन ड्राइव्ह लावायला मी तिथे कॉम्प्युटरवर बसले, तर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अनोळखी लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सॅलरी स्लिपा ओळीने पडलेल्या. कोणी चोरलेल्या नव्हत्या. लोकांनीच दुकानाच्या पत्त्यावर मेल फॉरवर्ड केली, दोन रुपये देऊन प्रिंट घेतली आणि निघून गेले. दुकानदार बिचारा दिवसाला किती फायली पुसणार? त्याचाही दोष म्हणता येत नाही. पण आमच्या क्लायंटचं एआयएस त्या रांगेत नको, एवढं मी बघू शकते.

ओटीपीबद्दलही हेच. मेल पाठवताना आम्ही तुमचा नंबर टाकतो, म्हणून कोड तुमच्याच मोबाईलवर येतो. मुलगा आपलाच आहे हे मला माहीत आहे, गूगलला नाही. तुम्ही त्याला फोनवर कोड सांगितला असता तर मेल उघडली असती. पण कोड मागणारा खरंच मुलगाच आहे ना, हे तुम्ही आधी आवाजावरून ओळखलं असतं. आजकाल ज्या तऱ्हेचे फोन येऊन राहिले, ते बघता मला ही अडचण परवडते.

ही मुदत म्हणजे तिजोरी आहे असा दावा मी करत नाही. स्क्रीनशॉट घेता येतो, दुसऱ्या मोबाईलने फोटो काढता येतो. विषयाची ओळ तुमच्या इनबॉक्समध्ये तशीच राहते, म्हणून आम्ही विषयात पॅन किंवा रक्कम कधी लिहीत नाही. आमच्या सेंट फोल्डरमध्ये प्रत राहते ती वेगळीच, उद्या नोटीस आली तर उत्तर द्यायला कागद आमच्याकडे हवेत. ज्याला मुद्दाम फोडायचं आहे त्याला हा मोड अडवत नाही. निष्काळजीपणाने इकडेतिकडे पडून राहणाऱ्या कागदांना अडवतो, आणि आपल्याकडे बहुतेक घोळ निष्काळजीपणातूनच होतात. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही हेच सांगतो, की काम संपलं की माहिती उगाच धरून ठेवू नका. कायदा आला नसता तरी मी हेच केलं असतं.

बाबांच्या वेळी असं नव्हतं हे खरं आहे. तेव्हा रिटर्नचा ‘सरल’ नावाचा फॉर्म हाताने भरायचा, सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात जाऊन शिक्क्याची पोच आणायची, आणि ती पोच बाबा फक्त क्लायंटच्या हातात द्यायचे. शेजाऱ्याकडे नाही, मेव्हण्याकडे नाही. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत होता, त्यामुळे याहून जास्त सांगत नाही.

बँकेच्या कामाचं आता. बँकेला लागते ती आयटीआरची, म्हणजे रिटर्न भरल्याची पोच, आणि ती आमच्या मेलवर अवलंबून नाही. रिटर्न भरल्यावर आयकर विभागाकडून तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर वेगळी मेल येते, तिला मुदत नसते. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन, अक्षरं स्मॉल, आणि त्याला लागूनच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकी, मध्ये जागा न सोडता. ती मेल सापडली नाही तर ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून भरलेल्या रिटर्नच्या यादीत जा. तिथून पोच आणि पूर्ण फॉर्म दोन्ही डाउनलोड होतात, मागच्या वर्षांचेही. बँका साधारण दोन-तीन वर्षांचे मागतात, तेव्हा एकदमच काढून ठेवा. कॉम्प्युटेशन तेवढं पोर्टलवर मिळत नाही, ते आमच्या सॉफ्टवेअरमधून निघतं आणि त्यावर आमचा शिक्का लागतो.

मुदत आम्ही काढणार नाही. ज्यांना मेलची भानगडच नको त्यांनी जुलैत फाईल घेऊन जावी. कर्जाचं ठरलं असेल तर रिटर्न देतानाच कानावर घाला, बँकेचा संच वेगळा करून देतो.

तुमच्या संचाची प्रिंट काढून, शिक्के मारून काउंटरवर ठेवायला सांगितलं आहे. शनिवारी दुपारी दोनपर्यंत ऑफिस उघडं असतं. मुलगा नागपूरला आलेला असेल तर त्याला पाठवलं तरी चालेल, फक्त तो यायच्या आधी तुमचा फोन येऊ द्या, तुमच्याच नंबरवरून.