अर्ज करण्याआधी जाहिरात तरी वाचा!

गेले तीन आठवडे टीममधल्या एका जागेसाठी बायोडाटे चाळतोय. डोळे दुखायला लागलेत, म्हणून थोडं कडू लिहितोय.

जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत आम्ही काम सांगितलं होतं: दोन याद्या ताडून बघायच्या, फरक शोधायचा आणि संबंधितांना फोन करून दुरुस्त करून घ्यायचा. आलेल्या बायोडाट्यांत काय? 'मेहनती', 'टीम प्लेअर', 'झटपट शिकणारा'. अरे, 'आळशी आणि भांडकुदळ' असं कोण लिहिणार आहे? एकाच्या पत्रात तर दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेलं. फक्त एका मुलीने लिहिलं होतं की ग्रंथालयात दोन महिने रजिस्टरमधल्या नोंदी कपाटातल्या पुस्तकांशी ताडून पाहिल्या. लगेच फोन केला तिला.

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र तयार केलं होतं. दहा मुद्दे, आणि बहुतेक सगळे लढाईचे: उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढा घालताना करायच्या युक्त्या. मालकाला गरज त्याची होती ना! आपल्याला चित्रंही काढता येतात, हे गृहस्थाने पार शेवटी सांगितलं.

आता मुलाखतीचं. एकाच्या बायोडाट्यात 'एक्सेल : ॲडव्हान्स्ड'. दोन छोट्या याद्या समोर ठेवल्या. त्याने व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधून तिच्यापुढचा आकडा आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला, लावला, आकडे भराभर आले, चेहरा खुलला. फक्त फॉर्म्युल्याच्या शेवटचं 'फॉल्स' (म्हणजे 'तंतोतंत जुळणारंच शोध') लिहायचं राहिलं होतं. ते सोडलं की एक्सेल जवळपासचं मूल्य शोधतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बिनदिक्कत भलतंच उत्तर देतं. बऱ्याचदा एररसुद्धा येत नाही. चूक झाली त्याचं काही नाही, मीही हे केलंय. पण "एखादी ओळ तपासून बघ ना" म्हटल्यावर तो म्हणाला, "फॉर्म्युल्याने आलंय सर, बरोबरच असणार." तिथे आमचं मन उतरलं.

ग्रंथालयवालीला व्हीलुकअप येतच नव्हता. तसं तिने सरळ सांगितलं. "दोन्ही याद्या सॉर्ट करून शेजारी ठेवते, थोडा वेळ लागेल." पहिला फरक सापडल्यावर तिने मान वर करून विचारलं, "यातली खरी यादी कुठली धरायची?" या कामात पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच, आणि आमच्याकडची जुनी माणसंही तो विसरतात.

बाकी आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. जागा फ्रेशरची आणि अनुभव तीन वर्षांचा मागायचा, हा शुद्ध आगाऊपणा आहे. अशी जाहिरात दिसली तर ते तीन वर्षं बाजूला ठेवा, काम येत असेल तर अर्ज ठोका.

ती सोमवारपासून रुजू होतेय. व्हीलुकअप मी शिकवीन, अर्ध्या तासाचं तर काम आहे.