टेप की सीलंट? आधी सील कुठे होतं ते बघू

नमस्कार,

गाडीतल्या ऑइल आणि कूलंटच्या जोडांना टेफ्लॉन टेपऐवजी अॅनारोबिक सीलंट (आट्यांत हवा तुटल्यावर घट्ट होणारं द्रव) लावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या गॅरेजांत वर्षानुवर्षं टेपवरच काम चालतं, बाटली टेपच्या कितीतरी पट महाग, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत सीलंट धरेपर्यंत ट्रॅक्टर 24 तास कोण उभा ठेवणार? ब्रेकच्या नळीलाही तुम्ही टेपच लावता. शेवटी विचारलंय की टिपिंग ट्रॉलीच्या जॅकचा निप्पल टेपचे थरावर थर देऊनही पाझरतो, तिथे तुमचं सीलंट काय दिवे लावणार?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण खरी गोम तिथे आहे. त्या निप्पलवर सीलंट बहुतेक काहीच करणार नाही. टेपही नाही. ट्रॉलीच्या जॅकला आणि व्हॉल्व्हला बहुतेक वेळा बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे) सरळ आटे असतात. सरळ आटे फक्त आवळून धरायचं काम करतात. तेल अडवतो तो निप्पलच्या खांद्याखालचा डाउटी वायसर, म्हणजे आतल्या कडेला रबर चिकटवलेला लोखंडी वायसर. होजच्या टोकाला तर आतला कोन कोनावर बसून सील करतो. तिथे टेप जाड झाली की खांदा नीट टेकतच नाही, आणि पाझर उलट वाढतो. निप्पल काढा, आतली जुनी टेप टोकदार सुईने उकरा, जॅकचा तोंडाकडचा भाग चरे न पाडता पुसा आणि नवा डाउटी वायसर टाका. एवढ्यानेच काम व्हायला हवं.

आटे सरळ की निमुळते, हे व्हर्नियरने कळतं. पहिल्या आट्यावरचा बाहेरचा व्यास घ्या आणि 10 मिमी मागे पुन्हा घ्या. निमुळत्या आट्याचा उतार 16 ला 1 असतो, म्हणजे 0.6 मिमीच्या आसपास फरक पडेल. सरळ आट्यात पडणार नाही. सोबत पिच गेजही (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावा. पाव इंची बीएसपीला इंचाला 19 आटे असतात, एनपीटीला (अमेरिकन मापाच्या आट्यांना) 18. एकाचा निप्पल दुसऱ्यात दोन-तीन फेरे बिनबोभाट जातो आणि मग अडकतो. मिस्त्री म्हणतो, "बसला घट्ट". तो बसलेला नसतो, चुकीचा असतो. अशा जोडावर जगातलं कुठलंही सीलंट टिकत नाही, आणि जोर लावला तर अॅल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं.

सीलंटची खरी गरज निमुळत्या आट्यांना असते. ते कितीही आवळले तरी आट्याचा माथा आणि समोरचा तळ यांच्यात बारीक फट उरते आणि आट्यांबरोबर गोल फिरत बाहेर येते. ती भरायला टेपही चालते, हे तुमचं बरोबर आहे. पाण्याच्या जोडाला मी स्वतः टेप नको म्हणणार नाही, फक्त टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडून गुंडाळावी. माझा आक्षेप तेलाच्या मार्गाबद्दल आहे. टोकावरून गुंडाळलेली टेप आवळताना कातरली जाते आणि तिच्या चिंध्या तेलाबरोबर पुढे जातात. पॉवर स्टीअरिंगच्या किंवा हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हमधल्या स्पूलच्या, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याच्या, फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथे चिंधी अडकली की व्हॉल्व्ह चिकटतो, आणि तो बदलायच्या खर्चात सीलंटच्या कितीतरी बाटल्या येतात. किमतीच्या मुद्द्याला माझं उत्तर हे आहे.

अॅनारोबिक सीलंट हवा तुटल्यावर आणि धातूशी संपर्क आल्यावर घट्ट होतं. म्हणून बाटली अर्धवटच भरलेली येते. आतल्या हवेनेच ते द्रव राहतं. म्हणूनच जोडाबाहेर आलेला ओघळ वाळत नाही. बरेच मिस्त्री तो ओला बघून "माल खराब आहे" म्हणतात. पुसून टाका, आत ते धरलेलं असतं. आत सांडलेला जास्तीचा थेंबही द्रवच राहतो, त्याची चिंधी होत नाही. बारीक आट्यांच्या हायड्रॉलिक जोडांना लॉकटाइट 545, जाड निमुळत्या आट्यांना 567. दुसऱ्या कंपनीचं त्याच कामाचं घेतलं तरी हरकत नाही. आटे मात्र तेल पुसून कोरडे हवेत. प्लास्टिकच्या टाकीला किंवा सेन्सरच्या प्लास्टिकला हे लावू नका, काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात.

24 तासांची अडचण खरी आहे, पण ती मुदत पूर्ण ताकदीची, आणि तीही 22 अंशांच्या आसपासची. उष्णतेत ते लवकर धरतं, आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या तुमच्या हंगामात, वेळ जास्त लागेल. संध्याकाळी जोड करून ट्रॅक्टर सकाळी बाहेर काढता येतो का बघा. पुष्कळदा कमी दाबाच्या जोडाला तेवढं पुरतं. घाईच असेल तर त्याच कंपनीचा अॅक्टिव्हेटर (सीलंट लवकर धरायला लावणारं द्रव) आधी मारायचा.

एका वायरच्या ऑइल प्रेशर स्विचचं वेगळं. त्याची अर्थिंग आट्यांतूनच इंजिनला मिळते. टेपचे थर चढवले की दिवा लागायचा बंद होऊ शकतो, आणि ऑइल संपलेलं ड्रायव्हरला कळतच नाही.

आता ब्रेकबद्दल. इथे मी अजिबात मागे हटणार नाही. ब्रेकच्या नळीचं तोंड फ्लेअर केलेलं, म्हणजे कोनात फाकवलेलं असतं आणि सील त्या कोनावर होतं. बँजो बोल्टला, म्हणजे ज्याच्या आतून तेल जातं त्या पोकळ बोल्टला, दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात. आट्यांवर टेप, शेलॅक, सीलंट, काहीही लागत नाही. चिंधी मास्टर सिलिंडरच्या बारीक भोकात बसली तर पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही. फ्लेअर पाझरत असेल तर नळी बदला, वायसर पाझरत असेल तर वायसर नवा टाका. होटगी रोडवरून भरलेली ट्रॉली नेणाऱ्या माणसाचा जीव त्या नळीवर असतो.

ट्रॉलीचा जोड झाल्यावर आणखी एक करा. दाब असताना गळती बोटाने शोधू नका. हायड्रॉलिकमध्ये दीडशे बार आणि वर दाब असतो. सुईएवढी धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त ठिपका दिसतो, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. पुठ्ठा धरा, त्यावर डाग उमटतो. आणि गॅरेजमधल्या पोराला चुकून तसं लागलं तर दुखत नसलं तरी लगेच सर्जनकडे न्या, तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.